एकतीस नग

वहीचं कव्हर गेलं आहे. मधली वीस-बावीस पानं उरली आहेत. त्यातल्या एका पानाच्या डोक्यावर 'श्री', त्याखाली 'रुखवत, वैशाख १९८७' आणि मग एक ते एकतीस आकडे. आत्याने पट्टीने चार रकाने आखले आहेत: नंबर, वस्तू, कशाची, खर्च. शेवटचा रकाना जवळजवळ रिकामा आहे. एकतीस नगांपैकी फक्त सहांच्या पुढे आकडा आहे. त्यात बेगड, डिंक, रंगाची डबी, लोकर असलं काहीबाही आहे. बेरीज तिने खाली करून ठेवली आहे: सत्तावीस रुपये.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. इतिहास दहावीला सुटला तो सुटलाच. पण 'कशाची' या रकान्याने मला धरून ठेवलं. लग्नाच्या फोटोत टेबल दिसतं, त्यावरच्या वस्तू दिसतात. ती वस्तू होण्याआधी काय होती ते फोटोत येत नाही. आत्याने ते लिहून ठेवलं. होडी: धोटा. तोरण: आरेची झाकणं. हंस: थर्मोकोल, टीव्हीच्या खोक्यातला. मासे जोडी: सलाईनची नळी. तुळशीवृंदावन: डालड्याचा डबा. पेंग्विन: उडालेला बल्ब. गणपती: लग्नपत्रिका. पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत, जिथे त्या वेळी दुकान म्हणून एक किराण्याची टपरी होती, तिथे ही सगळी अडगळ आली कुठून, हे शोधायला मी बसलो आणि बरेच महिने बसूनच राहिलो.

आधी रुखवताबद्दल. हा मुळात खाण्याचा शब्द. नवऱ्याकडची मंडळी जानवसघरी उतरलेली असायची आणि लग्न लागायच्या आधी नवरीकडच्या बायका लाडू, करंज्या, चकल्या, शेवया अशी झाकलेली ताटं घेऊन तिकडे जायच्या. वाटेत गाणी, वरमाईला चिमटे, नावं घेणं. थोडक्यात वाजतगाजत नेलेली शिदोरी. आज 'रुखवत मांडलंय' असं म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरी चादर घातलेलं लांब टेबल येतं आणि त्यावर खायच्या चार गोष्टी असल्या तरी त्या खायला नसतात, बघायला असतात. साखरेच्या पाकातलं वृंदावन कुणी फोडून खाल्लेलं मी पाहिलेलं नाही.

हा बदल एका दिवसात झालेला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुलींनी शाळेत जावं हे पटवताना शिवण-विणकाम ही मोठी सबब होती. पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू झालं, तिथे हे वर्ग चालत. १९३० साली किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक निघालं आणि शहरांतल्या मध्यमवर्गात वाचलं जाऊ लागलं. क्रोशाचे रुमाल, भरतकामाची अक्षरं, मण्यांचे ससे हे 'मुलीच्या अंगी कला आहे' याचे पुरावे झाले. पुरावा म्हटला की तो मांडावा लागतो. दुसरं कारण मला लग्नाच्या आकारात दिसतं. चार-पाच दिवसांचं लग्न एका दिवसावर आलं, पंगतीचं जेवण आचाऱ्याकडे गेलं, जानवसा आणि मांडव एकाच छताखाली आले. ताटं वाजत न्यायला मधलं अंतरच उरलं नाही. रुखवत चालत जायचं ते टेबलावर बसलं.

आत्याचं टेबल म्हणजे प्राथमिक शाळेची दोन बाकं आणि त्यावर उलटं टाकलेलं दार होतं. मे महिन्याची सुट्टी असल्यामुळे बाकं मिळाली. दार गोठ्याचं होतं, ते दोन दिवस आधी धुऊन वाळवलं.

आता धोटा. महाड-पोलादपूरची माणसं मुंबईला जातात ही आमच्याकडे बातमी नव्हे, हवामान आहे. कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ साली रायगड झालं, पण घरातला कर्ता पुरुष लालबाग-परळला आणि बाकीचे भातशेतीवर, ही घडी नावाच्या आधीपासूनची. माझे आजोबा गिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे माग. मागावर आडवा धागा घेऊन जो इकडून तिकडे पळतो तो धोटा: लाकडाचा, दोन्ही टोकांना निमुळता, टोकांवर लोखंडी टोपी, आणि मधल्या पोकळीत धाग्याची कांडी. मिनिटाला शेकड्याच्या हिशोबाने आपटून आपटून तो झिजतो, चिरतो, आणि मग फेकला जातो. असा एक बाद झालेला धोटा आजोबांनी कधीतरी गावी आणला होता. तो बाबांचं आणि आत्याचं खेळणं होता. पावसाळ्यात पऱ्ह्यात सोडायचा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. साठाहून जास्त गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आजोबा आधी 'पंधरा दिवसांत मिटेल' म्हणून खोलीवर थांबले, मग शिमग्याला गावी आले, आणि मग पेरणी करून जातो म्हणाले. ते पुन्हा साच्यावर गेले नाहीत. त्यांची जी ट्रंक गावी आली तिच्यात दोन कांड्या होत्या आणि धाग्याची गुंडाळी होती. आत्याने कांड्यांची फुलदाणी केली, गुंडाळीचे गोंडे केले, आणि धोट्याला खाली दोन ठोकळे लावून, वर आगपेटीची खोली आणि बांबूच्या काडीचं शीड लावून होडी केली. नग क्रमांक सात. खर्चाचा रकाना कोरा.

मला हा रकाना वाचताना एक गोष्ट उशिरा कळली. 'टाकाऊपासून टिकाऊ' हे आपण छंद म्हणून ऐकतो, पर्यावरण म्हणून ऐकतो. १९८७ च्या त्या घरात त्याला दुसरा पर्याय नव्हता. आजोबांच्या हातात पगार नव्हता, आणि रुखवत नाही म्हटलं तर लोक बोलणार होते.

वहीच्या निमित्ताने एक सरकारी गोष्टही सापडली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण वधू-वरांना मिळालेल्या भेटवस्तूंची लेखी यादी ठेवावी हे सांगणारे नियम १९८५ साली आले. त्या यादीत वस्तूचं थोडक्यात वर्णन आणि अंदाजे किंमत लिहायची असते. आत्याने हे नियम ऐकलेले असणं शक्यच नाही. तिने यादी केली ती नवऱ्याच्या घरी एखादा नग 'आमच्याच मुलीने केला' म्हणून कुणी ढापू नये म्हणून. हे तिचे शब्द.

मुंबईतून गावाला काय काय यायचं याची यादी खरं तर या एकतीस नगांमध्येच आहे. आरे कॉलनी १९४९ ची. तिथलं दूध पुढे अनेक वर्षं काचेच्या बाटल्यांतून केंद्रावर मिळायचं आणि बाटलीच्या तोंडाला पातळ ॲल्युमिनियमचं झाकण असायचं, चंदेरी, काहींवर रंगीत पट्टे. मुंबईच्या चाळींत ही झाकणं धुऊन, नखाने सपाट करून साठवली जात. त्यांची तोरणं व्हायची, गणपतीच्या मखराची झालर व्हायची. आमच्या खोलीत गावचे अकरा जण राहत, त्यांचं दूध एकत्र यायचं, त्यामुळे झाकणं भरपूर. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीत चहा पावडर, बिस्किटं, फटाके आणि झाकणांची पुरचुंडी असे. पुढे दूध पिशवीत आलं आणि तोरणं बंद झाली. आत्याच्या तोरणातली झाकणं १९८७ मध्येच जुनी होती.

थर्मोकोल त्या मानाने नवा. फुगवलेलं पॉलिस्टायरीन हे पन्नासच्या दशकातल्या जर्मनीतलं उत्पादन; आपल्याकडे ते आणणारी कंपनी आज बीएएसएफ इंडिया म्हणून ओळखली जाते, पण १९४३ साली ती नोंदली गेली तेव्हा तिचं नाव आर. ए. कोल असं होतं. हे 'कोल' वाचून मी जरा थबकलो. कोकणातल्या घरात हा पदार्थ विकत कुणी आणला नव्हता, तो खोक्यातून आला. १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शन रंगीत झालं, वर्षअखेर दिल्लीत एशियाड झालं, आणि मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत टीव्हीची खोकी उघडली जाऊ लागली. टीव्ही त्यांच्याकडे राहिला, त्याच्या चार कोपऱ्यांचे पांढरे ठोकळे इतरांकडे गेले. आजी ज्या घरी एक वर्ष भांड्यांना जात होती (संपाच्या वर्षी तीही मुंबईला गेली होती, ही गोष्ट आमच्याकडे फारशी सांगितली जात नाही) त्या घरच्या टीव्हीचे दोन कोपरे ती गावी घेऊन आली. आत्याने ते चार वर्षं माळ्यावर जपले. मग चुलीत तापवलेल्या सुरीने कापून हंस केला. तापलेल्या सुरीला थर्मोकोल लोण्यासारखा वाट देतो, फक्त धूर डोळ्यांत जातो. हंसाच्या मानेसाठी तिने तीन वेळा प्रयत्न केला. दोन माना मोडल्या. तिसरीत आत छत्रीची काडी आहे.

सलाईनच्या नळीचे मासे तुमच्यापैकी ज्यांचा जन्म पंचाण्णवच्या आधीचा आहे त्यांनी पाहिले असतील. नळी उभी चिरून पट्ट्या करायच्या, मग त्या गुंफत जायच्या. दोन पट्ट्या शेपटीला मोकळ्या सोडायच्या. ॲम्ब्युलन्सच्या आरशाला, रिक्षाच्या काचेला, चाव्यांच्या जुडग्याला हे मासे लटकत. करायला शिकवायचे दवाखान्यातले वॉर्डबॉय, रात्रपाळीत. आज हे ऐकून अंगावर काटा येतो. १९९८ साली जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम आले, वापरलेल्या नळ्या कापून, निर्जंतुक करून वेगळ्या काढायच्या ठरल्या, आणि एक लोककला संपली. संपली ते बरंच झालं. आत्याच्या माशांची नळी मात्र तिच्या आईला लावलेली होती. आजी त्या मुंबईच्या वर्षानंतर काविळीने पडली होती तेव्हाची. बरी झाल्यावर तिनेच ती मागून आणली.

हे सगळं करायला आत्या शिकली कुठे, तर शाळेत. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने शाळेत 'कार्यानुभव' असावा असं सुचवलं. त्याच्या मागे १९३७ ची गांधीजींची वर्ध्याची नई तालीम होती. हातांनी उत्पादक काम करत शिकायचं, सूत कातत गणित शिकायचं, ही मूळची कल्पना. खालपर्यंत झिरपत येईतो तिचं झालं ते आठवड्याला दोन तास आणि बाईंनी सांगितलेल्या वस्तू. त्यातही वाटणी होती. आत्याच्या वर्गात मुलगे कुंपणाला माती लावत आणि मुली करवंटीचं कासव करत. पण त्या बाई चांगल्या असाव्यात. रकाने आखून 'कशाची' लिहायची सवय त्यांचीच.

इथे मला अरविंद गुप्ता आठवतात. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्याला टेल्कोत नोकरीला. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब व आगकाड्या यांच्यापासून भूमितीचे आकार जोडायची युक्ती घेऊन परतले. पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला या माणसाबद्दल नितांत आदर आहे, माझ्या लहानपणीचा बराचसा विज्ञानाचा आनंद त्यांचा आहे. तरी वही समोर ठेवली की एक हिशोब डोक्यातून जात नाही. जवळजवळ त्याच वर्षांत, तशाच आगकाड्या घेऊन, आत्याही सांधे बसवत होती, तोल सांभाळत होती, छत्रीच्या काडीने मान पेलत होती. तिच्या कामाला विचारला गेलेला प्रश्न एकच: 'हे तूच केलंस ना गं, की विकत आणलंस?' हा प्रश्न वरमाईने टेबलासमोर उभं राहून विचारला होता. आत्याला तो चौतीस वर्षांनीही जसाच्या तसा आठवत होता.

आत्याला दहावीला बाबांपेक्षा नऊ टक्के जास्त होते. घरात एकालाच पुढे शिकवता येणार होतं. बाबा आयटीआयला गेले, महाडच्या एमआयडीसीत लागले, आणि म्हणून मी इंजिनिअर झालो. मी शाळेत असताना कार्यानुभवाला आइसक्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड नेला होता. तो आत्याने केला होता. 'अ' श्रेणी माझ्या प्रगतिपुस्तकात आहे. आणि त्या काड्या टाकाऊ नव्हत्या. स्टेशनरीच्या दुकानातून नवं पाकीट आणलं होतं. हा बदल कधीतरी नव्वदनंतरचा. काड्या, रंगीत थर्मोकोलचे गोळे, तयार टिकल्या असं 'टाकाऊ'च विकत मिळू लागलं. आता तर अख्खं रुखवत भाड्याने मिळतं. बैलगाडी, सप्तपदीचा सेट, सुपारीचे भटजी, सगळं संध्याकाळी परत. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिक-थर्मोकोलबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा मखरवाल्यांबरोबर हे रुखवतवालेही काही दिवस चिंतेत होते.

आत्या लग्न होऊन महाडला आली. बाजारपेठेकडच्या भागात तळमजल्याचं घर. महाड सावित्री आणि गांधारीच्या बेचक्यात वसलेलं आहे. वर घाटात कोसळलं आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असली की पाण्याला जायला जागा राहत नाही. जुलै २००५ मध्ये, दासगाव-जुई-रोहन-कोंडिवते इथे दरडी आल्या तेव्हा, घरात पाणी आलं होतं. शोकेसचे खालचे दोन कप्पे गेले. वरचे वाचले. २२ जुलै २०२१ ला काहीच वाचलं नाही. पाणी छताला लागलं. घरातली माणसं शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. त्याच दिवशी तळियेची वाडी दरडीखाली गेली, ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. अशा वेळी शोकेसचं दुःख करायला कुणाला तोंड नव्हतं.

मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो. गुडघाभर चिखल, त्याला डिझेलचा आणि कुजल्या धान्याचा वास. काम सोपं होतं: जे आहे ते उचलून रस्त्यावरच्या ढिगात टाकायचं, जेसीबी येऊन नेणार. गाद्या, पीठ, कपाटं, पुस्तकं. आत्या तेव्हा टँकरच्या रांगेत होती. पंख्याच्या पात्याला अडकलेला एक तपकिरी लगदा मी काढला. थर्मोकोल पाण्यावर तरंगतो. खोली भरत गेली तसा तो वर वर चढत छताशी पोहोचला होता आणि पाणी उतरताना पंख्यावर राहिला होता. मान शाबूत होती. मला तो पॅकिंगचा तुकडा वाटला. मी तो ढिगात फेकला.

ती परत आली, पंख्याकडे बघितलं, म्हणाली, "हंस होता ना रे तिथं?" सकाळीच तिने तो पाहिला होता. पाणी भरून झालं की काढू म्हणून ठेवला होता. मी बाहेर धावलो तोवर डंपर वळणापलीकडे गेला होता. आत्या काही बोलली नाही. झाडू घेतला आणि पाणी लोटायला लागली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "जाऊ दे. माणसं आहेत."

संध्याकाळी चिखलात धोटा सापडला, शीड आणि खोली गेलेली, पण लाकडाला काही झालं नव्हतं. मासे धुतले तर नव्यासारखे झाले. काकणांच्या तुकड्यांचा मोर होता, त्याची पाठची काच फुटली, तुकडे निम्मे मिळाले. कांड्या फुगून चिरल्या. वही माळ्याच्या तुळईवर पत्रिकांच्या गठ्ठ्यात होती, कव्हर आणि कडेची पानं भिजली. एकतीस नगांपैकी आज चार आहेत.

गेल्या वर्षी आतेबहिणीचं लग्न झालं, महाडमधल्याच एका हॉलमध्ये. रुखवत भाड्याचं होतं, दिव्यांच्या माळांसकट. आतेबहिणीला हेच हवं होतं आणि आत्याने एका शब्दाने अडवलं नाही; तिच्या मुलीने रुखवतासाठी रात्री जागवाव्यात असं तिला कधीच वाटलेलं नव्हतं. फक्त टेबलाच्या एका टोकाला तिने हातभर जागा मागून घेतली होती. तिथे धोट्याची होडी होती, नवं शीड लावलेली. तिच्या शेजारी एक हंस.

हा हंस करड्या रंगाचा होता. आदल्या दिवाळीत मी तिच्याकडे माझ्या नव्या लॅपटॉपचं खोकं विसरलो होतो. आता कंपन्या थर्मोकोलऐवजी कागदाच्या लगद्याचे साचे घालतात, अंड्यांच्या ट्रेसारखे. आत्याने तो साचा भिजवून, मळून, पुन्हा वाळवून घेतला होता. मानेत काय आहे विचारलं तर म्हणाली, "छत्रीचीच काडी. दुसरं काय टिकतं?" मग हंस उलटा करून बूड दाखवलं. तिथे लगदा नीट धरला नव्हता, भेग पडली होती.

"हा कागद आहे," ती म्हणाली, "पाण्यात राहायचा नाही. तुमच्या ऑफिसात थर्मोकोलची जुनी खोकी पडली असतील तर बघ ना. पांढरा मिळाला तर बरं."

मी विचारून ठेवलं आहे.